चाकणच्या माळावरची धुई

बन्सीने मुरारीचं दुसरं बोट मोडलं, तेव्हाही म्हातारा नाहीच म्हणाला.

“धुईत इमान उतरवायचं न्हाई. मारून टाका.”

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते उगाच नव्हे.

माळावर कंपनीची छोटी विमानपट्टी होती आणि मुरारी तिचा राखणदार. पट्टीच्या कडेने चुना फासलेले दगड ओळीने मांडलेले. सकाळी झोपडीच्या दारात उभं राहून त्यातले किती दिसतात ते मोजायचे आणि त्याप्रमाणे टायर पेटवून पायलटला धुराची खूण करायची, हे त्याचं काम. धुईचा थर पातळ असला की वरून पट्टी सरळ खाली दिसते, पायलटला वाटतं सगळं ठीक आहे. उतरू लागला की मात्र समोर नुसतं पांढरं. म्हणून पायलट आपल्या डोळ्यांपेक्षा मुरारीच्या धुरावर भरवसा ठेवायचा.

आज एकच दगड दिसत होता, तोही अर्धा.

बन्सीला हेच हवं होतं. पहाटेच त्याने जमीन दाबायचा दगडी रूळ पट्टीवर आडवा लोटून ठेवला होता. नऊच्या विमानाने मुंबईचा इंजिनियर येणार होता. बन्सीच्या धाकट्या भावाने, सयाजीने, कंपनीच्या बांधकामावर मुकादमाचं डोकं पहारीने फोडलं, ते या एकट्या माणसाने पाहिलं होतं. दुपारी खेडच्या कोर्टात त्याची जबानी झाली की सयाजी फासावर गेलाच म्हणून समजा.

सयाजी चांगला नव्हता, हे बन्सीलाही कळत होतं. पण आई गेली तेव्हा त्याला पाठीशी बांधून बन्सीने खुरपणी केली होती. त्या पोराच्या गळ्यात दोर?

त्याने कोयता मुरारीच्या मानेला लावला. रक्ताची बारीक धार बंडीत उतरली.

“म्हाताऱ्या, तू मेलास तरी धूर मी करीनच. बघितलाय मी गावातनं. धुराची रेघ उठती आन् इमान उतरतं.”

मुरारीने डोळे मिटले. मग रडायलाच लागला.

“करतो. पर एकानं भागायचं न्हाई.”

“म्हंजी? मी तर एकच बघितलाय.”

“ते ऊन असतं तवा. तुमी कांदेवाले. धुई पडली की कांद्याच्या वावरात एकच जाळ करता व्हय?”

बन्सी थबकला. पिकावरची धुई हटावी म्हणून तो स्वतः अशा सकाळी वावराच्या चारी कोपऱ्यांना जाळ करायचा. एकाने काय होतंय?

“कुठं लावू?”

“ह्यो टायर हितं. दुसरा पट्टीच्या त्या टोकाला. माझी बोटं तर तुमी मोडलीत, काडी तुमीच वडा.”

बन्सीने दोन्ही टायरांवर रॉकेल ओतलं, काडी ओढली. काळा धूर धुई फोडून वर गेला. परत येऊन त्याने मुरारीच्या बरगडीत एक लाथ घातली, उगाच, वाट बघण्याखेरीज काम उरलं नव्हतं म्हणून. म्हातारा कण्हत आडवा झाला.

घरघर ऐकू आली. माळावर एक घिरटी झाली. आवाज खाली आला, आणखी खाली. बन्सीने कोयता घट्ट धरला आणि धडाक्याची वाट पाहू लागला.

इंजिन एकदम गरजलं. आवाज डोक्यावरून गेला, वर चढला आणि पुण्याच्या दिशेने लांब लांब होत गेला.

बन्सी वळला. मुरारी रक्त थुंकत कोपरावर उठत होता. रडणं केव्हाच थांबलं होतं.

“आता पुण्याला उतरंल. तिथनं खेडला मोटार हाय,” तो म्हणाला. “एक धूर म्हंजी उतर, बन्सीराव. दोन म्हंजी मरशील, माघारी फीर. दुसरा तुमीच लावलात.”