चौथ्या मजल्यावरचे

तिसऱ्या दिवशी दुपारी जनरेटरचा पिस्टन एकदाचा सुटला. लवूने लाकडी ठोकळा धरून बेताने हातोडी मारली आणि दोन दिवस डिझेलमध्ये भिजलेला पिस्टन इंचभर सरकला.

“सुटला का रे?” चौथ्या मजल्याच्या खिडकीतून शुभावहिनींनी विचारलं.

“एक सुटला, वहिनी. दुसरा पण सुटेल.”

मुलुंड पूर्वेची ती सहा मजली इमारत पुनर्विकासासाठी रिकामी झाली होती. मीटर काढून नेल्याला महिना झाला होता. समोरची गल्ली काँक्रिटीकरणासाठी या टोकापासून त्या टोकापर्यंत खणलेली. सायकलसुद्धा आत येत नव्हती. लवूने अवजारांची पेटी डोक्यावर घेऊन मातीच्या ढिगांवरून आणली होती.

पहिल्याच दिवशी नंदू वॉचमनने त्याला सांगितलं होतं, “सगळे गेले. चौथ्या मजल्यावरचे तेवढे हलत नाहीत.”

लवूला ते ऐकून बरं वाटलं होतं. परळच्या चाळीतली खोली सोडताना त्याने स्वतः दाखवली तिथे सही केली होती. तीन वर्षांत नवी जागा, असं सांगून मानखुर्दला नेऊन टाकलं, त्याला आता चौदा वर्षं झाली. नलिनी, त्याची बायको, त्या तात्पुरत्या खोलीतच गेली. कुणीतरी ताठ उभं राहतंय, हे पाहायला तो कधीपासून आसुसला होता.

या इमारतीचा जनरेटर त्याने वीस वर्षं सांभाळला होता. नंतर सोसायटीने तो बंद करून जिन्याखाली ढकलला. गेल्या आठवड्यात वहिनींचे यजमान श्यामकांत साहेब यांचा फोन आला, “लवू, तो जनरेटर सुरू झाल्याशिवाय आमचं काही खरं नाही. येशील?”

लवू सत्तरीला आला होता, काम सोडून पाच वर्षं झाली होती. तरी तो आला.

साहेब दिवसातून चार वेळा पाण्याचे कॅन घेऊन जिना चढत. मधल्या मजल्यावर थांबून दम खात. उतरताना लवूसाठी चहाचा थर्मास आणत.

“वहिनींना सांगा, खाली येऊन बसा जरा. हवा लागेल,” लवू एकदा म्हणाला.

“ती खिडकीतच बरी आहे,” साहेब म्हणाले आणि कप धुवायला गेले.

बिल्डरचा माणूस रोज अकराला यायचा. प्रीतम नाव. हातात फाइल, पायात चिखलाने माखलेले बूट.

“काका, तारीख उलटून गेली. वरून सारखे विचारतायत.”

“लवूला विचार. सगळं त्याच्या हातात आहे.”

प्रीतम लवूकडे वळला. “अजून किती दिवस, मामा? नाहीतर मी चार माणसं पाठवतो. दहा मिनिटांचं काम.”

“माणसं नकोत म्हणून सांगितलंय ना!” साहेबांचा आवाज पहिल्यांदाच चढला.

प्रीतम गेल्यावर वरून वहिनी म्हणाल्या, “लवू, तू ऐक. मला खांद्यावर घालून कुणी या घरातून न्यायचं नाही. यांना बजावून ठेवलंय मी.”

लवू पुन्हा कामाला भिडला. त्या संध्याकाळी तो नेहमीपेक्षा दोन तास जास्त बसला.

दुसरा पिस्टन सुटला. नव्या रिंगा घाटकोपरला एका जुन्या दुकानदाराकडे मिळाल्या. नोझल उघडली तर आत डिझेलचा डिंक झालेला. ती त्याने तारेने, मग ब्रशने साफ केली. हेडचं गॅस्केट हाताने कापलं. एकेक नट आवळताना तो मनात म्हणत होता, दोन वर्षं चालशील. कोर्टात गेले असतील तर निकाल लागेपर्यंत चालशील.

सातव्या दिवशी सकाळी त्याने नवं डिझेल भरलं, पाइपातली हवा काढली आणि हँडलला हात घातला.

“चल गो बाय.”

पहिल्यांदा नुसता धूर. दुसऱ्यांदा खोकला. तिसऱ्यांदा इंजिनाने अख्खी जमीन हादरवली आणि ते चालू लागलं. जिन्यातला दिवा पेटला. वर वहिनींनी टाळ्या वाजवल्या.

लवूच्या डोळ्यांत पाणी आलं. “साहेब, आता बघू कोण तुम्हाला काढतो ते!”

साहेबांना आवाजात ऐकू आलं नसावं. ते बटणांच्या फळीपाशी उभे होते. “पंप नको, दिवे नकोत. सगळा जोर लिफ्टला दे.” एवढं म्हणून ते लिफ्टमध्ये शिरले.

तेवढ्यात प्रीतम आला. मागे चार मजूर, खांद्यावर लांब फळ्या. लवूने मोठा पाना उचलला आणि दारात आडवा उभा राहिला.

“एक पाऊल पुढे टाकायचं नाही.”

“मामा, काय करताय?” प्रीतम गोंधळून थांबला. मजुरांनी बाहेरच खणलेल्या गल्लीवर फळ्या टाकायला सुरुवात केली. गल्लीच्या तोंडाशी एक गाडी दार उघडून उभी होती.

लिफ्ट खाली आली. आत वहिनी होत्या. चाकांच्या खुर्चीत, पायांवर शाल, मांडीवर पर्स, केसांत अबोलीचा गजरा. साहेबांनी खुर्ची बाहेर ढकलली आणि घराची किल्ली प्रीतमच्या हातावर ठेवली.

“साहेब,” लवूचा हात खाली आला, “तुम्ही पण सही केलीत?”

“ह्यांना काय विचारतोस?” वहिनी हसल्या. “इमारत पाडायचा अर्ज मीच लिहिला. पहिली सही माझीच आहे. निघायच्या आठवड्यात पडले, नाहीतर तुला कशाला त्रास दिला असता?”