रॉस्कोची साक्ष

"तुमच्या बायकोची तक्रार नेमकी काय? काळी म्हणून अन्याय झाला, की बाई म्हणून?" कंपनीच्या वकिलाने विचारलं.

साक्षीच्या पिंजऱ्यातला रॉस्को कठड्याकडे बघत राहिला. समोर बसलेल्या अर्लीनकडे बघायची त्याची हिंमत होत नव्हती. तीन आठवडे ती त्याच्याशी धड बोलली नव्हती. अमेरिकेतल्या सेंट लुई शहराच्या त्या कारखान्याने पॅकिंगमधल्या पाच काळ्या बायकांना एकाच दिवशी काढलं होतं. अर्लीन त्यांतली एक. पाचजणींनी दावा लावला, आणि कंपनीने साक्षीला आणला तिचाच नवरा. रॉस्को तिथे अकरा वर्षं भट्टीवर होता. काळा माणूस इथे सुखाने नोकरी करतो, एवढंच त्याने सांगायचं होतं. मागच्या बाकावर मुकादम हाताची घडी घालून बसला होता.

"बरं, सोपं विचारतो. कारखान्यात काळे लोक आहेत?"

"आहेत, साहेब. भट्टीवर आम्ही चाळीस जण."

"ऑफिसात बायका आहेत?"

"बावीस आहेत."

"म्हणजे कंपनी काळ्यांना घेते, बायकांनाही घेते. झालं! या तुम्ही."

रॉस्को जागचा हलला नाही.

"साहेब, भट्टीवरचे चाळीसच्या चाळीस पुरुष आहेत. ऑफिसातल्या बावीसही गोऱ्या आहेत." त्याने पहिल्यांदाच अर्लीनकडे पाहिलं. "माझ्या अर्लीनने भट्टीवर काम मागितलं, तर म्हणाले, हे बाईमाणसाचं काम नाही. ऑफिसात मागितलं, तर तिच्या तोंडाकडे बघूनच नको म्हणाले. ती एकच बाई आहे हो. तिचे दोन तुकडे करून काय विचारता?"

मुकादम उठून बाहेर गेला. त्याच शनिवारी रॉस्कोला कामावरून कमी केलं.

महिन्याने निकाल लागला. रंगाची तक्रार वेगळी, बाईपणाची वेगळी. दोन्ही एकत्र करता येणार नाहीत, आणि वेगवेगळ्या पाहिल्या तर एकही सिद्ध होत नाही, असं न्यायाधीशांनी लिहिलं. पाचहीजणी हरल्या.

कोर्टाच्या पायऱ्यांवर रॉस्को मान खाली घालून उभा होता. "माझ्या बोलण्याचा काही उपयोग झाला नाही गं," तो म्हणाला.

अर्लीनने त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"निकालाची धास्ती मला नव्हतीच, रॉस्को. इतकी वर्षं तूही मला अर्धीच बघत आलास की काय, याची होती."