घरची बोहनी

रोज सकाळी माझ्या भाजीच्या गाडीवर बोहनी आमच्या घरचेच, म्हणजे माझे मालकच करायचे. सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, एक जुडी घ्यायचे आणि दहाची नोट हातावर ठेवायचे. ती मी कपाळाला लावायची.

कोरोनात त्यांना अकोल्याच्या दवाखान्यात ठेवलं. मी इकडे अमरावतीत गाडी लावत होते. तिथूनही ते सकाळीच फोनवर दहा रुपये टाकायचे अन् विचारायचे, “कावं, झाली ना तुही बोहनी?”

“हवेतला पैसा कपाळाले कसा लावू? घरी या अन् हातात द्या!” मी खेकसायची.

आज गाडीपुढच्या दोरीपलीकडून आरती म्हणाली, “मावशी, वांगे घेतले. पैसे फोननं टाकून राहिली.”

“थांब वं पोरी. आधी बोहनी होऊ दे.”

काल त्यांची तेरवी झाली, हे तिलाही माहीत होतं. ती थांबली.