टेकडीची बाजू

"अहो, ही आमची टेकडी नव्हेच!" बेनितो मागच्या बाकावरून ओरडला. "दिरेक, तुम्ही शूटिंग दुसऱ्या गावात केलंत आणि भात-मासे मात्र आमचे हाणलेत!"

चर्चच्या सभागृहात हशा पिकला. खिडक्यांवर चादरी टांगून भर दुपारी अंधार केलेला होता, आणि समोरच्या पांढऱ्या पडद्यावर एक सोनेरी समुद्र स्थिर होऊन राहिला होता. पहाटेच्या प्रकाशात होड्या किनाऱ्याकडे परतत होत्या. त्यांतील माणसे म्हणजे केवळ काळ्या आकृती, परंतु त्यांच्याभोवतीचे पाणी असे काही उजळले होते की, याच पाण्यावर आयुष्य काढलेल्या लोकांच्या तोंडूनही क्षणापूर्वी "आहा!" असा उद्गार निघाला होता. टेकडी मात्र डावीकडे होती. गावाच्या किनाऱ्यावरून ती उजवीकडे दिसते.

आर्सेनियो हा त्या चित्रपटाचा छायालेखक. कॅमेऱ्यामागे उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला गावकरी 'दिरेक'च म्हणत, आणि आपण दिग्दर्शक नव्हे हे सांगण्याचा नाद त्याने केव्हाच सोडला होता. आज तो चित्रपट दाखवण्यास आला नव्हता. त्यातील एक माणूस शोधून देण्यास आला होता.

पहिल्या बाकावर काळ्या कपड्यांतील दोन स्त्रिया बसल्या होत्या. एक नोनातोची विधवा सालोमे; दुसरी फेलिमोनची आई, क्रिसान्ता; तिला सारे गाव 'नानाय', म्हणजे आई, म्हणे. दोघे एकाच होडीतून समुद्रात गेले आणि वादळात सापडले, ते परतले नाहीत. त्याच वादळात घरे गेली, आणि घरांबरोबर भिंतींवरचे फोटोही गेले. उद्या वर्ष पुरे होत होते. उद्या प्रार्थना होऊन ही काळी वस्त्रे उतरायची होती. तथापि मेणबत्तीमागे ठेवण्यास दोघींपैकी एकीजवळही आपल्या माणसाचे चित्र नव्हते. चित्रपटातील नोनातो कागदावर छापून देईन, असा शब्द आर्सेनियोने सालोमेला दिला होता.

"टेकडीला लागून आहे ना, ती आमची होडी," सालोमे म्हणाली. "पुढचं मोडकं टोक बघा."

त्या होडीत एकच आकृती उभी होती. तिने एका हाताने लांब बांबू पाण्यात टेकवला होता. दुसरा माणूस जाळ्याच्या ढिगाआड वाकलेला असावा.

"मग उभा आहे तो कोण?" क्रिसान्ताने विचारले.

सर्वांनी आर्सेनियोकडे पाहिले.

"मला आठवत नाही, नानाय," तो म्हणाला. "मी तेव्हा उजेडाकडे बघत होतो."

सालोमे उठून पडद्याजवळ गेली. बराच वेळ तिने त्या आकृतीचे निरीक्षण केले. नंतर तिचे खांदे उतरले.

"बांबू उजव्या हातात आहे. माझा नोनातो डावखुरा. डाव्या हातानं जेवतो म्हणून माझी आई लग्नालाच तयार नव्हती." ती मागे वळली. "हा तो नाही. नानाय, हा तुमचा फेलिमोन आहे."

क्रिसान्ता धडपडत उठली. तिने पडद्यावरील त्या काळ्या आकृतीवर तळहात ठेवला.

"मी म्हणतच होते! खांदे बघा, अगदी बापाचे!"

"नानाय, त्याच्या बापाला खांदे होते कुठे?" बेनितो म्हणाला.

"तू गप रे, माकडा!" ती म्हणाली. तिचे डोळे वाहत होते, आणि ती हसत होती.

आर्सेनियोच्या मनाचा मोठा गोंधळ उडाला. टेकडी कोठे चुकली, हे त्याला आता उमगले होते. आणि टेकडीबरोबर आणखी काय चुकले, तेही उमगले होते. बोलावे तर या म्हातारीचे काय? न बोलावे तर त्या दुसरीचे काय? सालोमे तर पिशवी घेऊन दाराकडे निघालीही होती.

"थांबा," तो म्हणाला. "हे दृश्य उलटं आहे. आरशात दिसतं तसं. मीच नंतर उलटवलं."

"का?" सालोमेने विचारले.

"उजेड डावीकडून आला की... जास्त सुंदर दिसत होतं."

"म्हणजे टेकडी आमचीच?" बेनितोने विचारले.

"तुमचीच."

आर्सेनियोने लॅपटॉपवर एक कळ दाबली. टेकडी उजवीकडे गेली. होडी तिच्यामागोमाग गेली. बांबू डाव्या हातात आला.

सालोमेने तोंडावर हात धरला. "हाच," ती पुटपुटली. "हाच हो."

क्रिसान्ता अद्याप पडद्यापाशी उभी होती. तिचा तळहात होता तेथेच होता. त्याखाली आता नुसते सोनेरी पाणी होते.

"माझा कुठं गेला?" तिने विचारले.

"तिथंच आहे, नानाय. जाळ्याआड. वाकलाय, म्हणून दिसत नाही," आर्सेनियो म्हणाला.

तिने जाळ्याच्या ढिगाकडे पाहिले. मग आपल्या हाताकडे पाहिले. हात तिने काढला नाही.

"दिरेक," ती हळूच म्हणाली, "माझ्यापुरतं परत उलटं करून द्याल?"

आर्सेनियो सालोमेकडे पाहू लागला. सालोमेची दृष्टी त्या डाव्या हातावरून हलत नव्हती. मग तिने पिशवी खाली ठेवली.

"द्या करून," ती म्हणाली. "होडी तर एकच होती."

त्याने पुन्हा कळ दाबली. टेकडी चुकीच्या बाजूला गेली. उभी आकृती पुन्हा क्रिसान्ताच्या तळहाताखाली आली.