घंटी अडवणारी ओळ

"माझ्याकडे तर चालतोय," मास्तर तिसऱ्यांदा म्हणाले.

मास्तर म्हणजे कारखान्यातले सगळ्यात जुने प्रोग्रामर. नवजात बाळांना ऊब देणाऱ्या पेटीचा प्रोग्राम त्यांचाच. तो चाचणीवालीच्या टेबलावर अर्ध्या तासात गोठायचा. पडद्यावर तापमानाचा आकडा जागच्या जागी, खाली हीटर मात्र तापतच राहिलेला. संध्याकाळी सहा पेट्यांची गाडी निघणार होती आणि तिच्या सहीवाचून अडली होती.

"डीबगरखाली चालवला की कसा शहाण्यासारखा वागतो," मास्तर म्हणाले. डीबगर म्हणजे प्रोग्रामवर बसवलेला पहारेकरी. हवं तिथे थांबवतो, आत डोकावू देतो. "तुझ्याकडेच कसा अडतो? नाचता येईना, अंगण वाकडं."

"मग तुमच्या अंगणात नाचून बघते," ती म्हणाली आणि सरळ त्यांच्या खुर्चीत बसली.

डीबगरखाली प्रोग्राम तासभर बिनबोभाट चालला. मास्तरांचा चहा पिऊन झाला, तिला दोन टोमणे मारून झाले. तिनं नोंदींची फाइल उघडली.

"मास्तर, नोंदी कुठेत?"

दर मिनिटाला प्रोग्रामच्या आत एक घंटी व्हायची. ती झाली की हातातलं काम टाकून त्यानं तापमानाची नोंद लिहायची. साठ नोंदी हव्या होत्या. फाइल कोरी करकरीत.

मास्तर खाली वाकले. डीबगरच्या सेटिंगमध्ये एक ओळ होती, त्यांच्याच हातची, वर्षभरापूर्वीची. प्रत्येक घंटीला डीबगर थांबायचा आणि कामाचा विचका व्हायचा. म्हणून वैतागून त्यांनी पहारेकऱ्याला बजावलं होतं, घंटी दारातच अडव, आत सोडू नकोस. मग साफ विसरून गेले होते.

त्यांनी ओळ पुसली. प्रोग्राम पुन्हा लावला. तेविसाव्या मिनिटाला, तापमान मोजणं चालू असतानाच घंटी झाली आणि आकडा गोठला.

"मी घंटीला आत येऊच दिलं नाही," मास्तर हळूच म्हणाले. "मग प्रोग्राम अडकणार कसा?"

चाचणीवालीला हायसं वाटलं, आणि तसं वाटल्याचं वाईटही वाटलं. "गाडी थांबवायला सांगते," ती उठत म्हणाली.

"गाडीचं बघू. एक पेटी गेल्या आठवड्यातच दवाखान्यात गेलीय. नमुन्याची. माझ्या सहीनं."

साहेबांना सांगायला ते थांबले नाहीत. दवाखान्याचा नंबर त्यांनीच लावला. मास्तरांना भीती वाटत होती, पण आवाज नेहमीचाच होता.

"सिस्टर, आमची पेटी वापरात आहे का?"

"आहे ना. दुपारीच बाळ ठेवलंय," फोनवरची नर्स कौतुकानं म्हणाली. "छान चाललीय हो. मघापासून आकडा जरासुद्धा हललेला नाही."

"बाळाला बाहेर काढा. आत्ता. कारण मग सांगतो, मी फोन धरून आहे."

पलीकडे रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. मास्तरांनी फोन दोघांच्या मध्ये धरला. पावलं लांब गेली. एक झाकण उघडलं. बराच वेळ काहीच नाही.

मग लांबून रडणं ऐकू आलं, खणखणीत, झोपमोड झाल्यासारखं रागावलेलं.