रक्तातली वेळ

वत्सला सिस्टरने डॉ. खांडेपारकरांच्या रक्ताचा अहवाल दोनदा वाचला. त्यांच्या रक्तपेशींमधलं घड्याळ दुपारी चार वीसची वेळ दाखवत होतं. औषध त्या वेळेला चढवलं तर कर्करोग मरणार होता. सकाळी चढवलं तर चांगल्या पेशीच आधी मरणार होत्या.

नऊ वर्षांपूर्वी हेच डॉक्टर या वॉर्डचे प्रमुख होते. तिच्या भावाची, दिगंबरची, वेळ संध्याकाळी सहाची निघाली होती. “रक्ताचे लाड पुरवायला मला सवड नाही,” असं म्हणून त्यांनी सगळ्या वॉर्डाला सकाळी दहालाच औषध लावलं. दिगंबर सतराव्या दिवशी गेला.

“काय वेळ निघाली, सिस्टर?” खाटेवरून डॉक्टरांनी विचारलं.

“चार वीस, सर.” ती गोड हसली. “मी दिगंबर गोडांबेची बहीण. आठवतो ना तो?”

डॉक्टरांचा चेहरा उतरला. “अहवाल दाखवा.”

“बघा की. पण तो छापते मीच.”

“तुम्ही मला फसवताय.”

“तसं वाटत असेल तर तुमची वेळ तुम्हीच लिहा. आता रुग्णाचाच शब्द शेवटचा असतो.”

डॉक्टरांनी तिच्या हातातला कागद ओढून घेतला आणि त्यावर ‘सकाळी दहा’ असं लिहून खाली सही केली.

नऊ वर्षांत तिने किती खोटं रचून ठेवलं होतं, पण त्यातलं काहीच वापरावं लागलं नाही; खरं सांगणंच पुरलं. दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला तिने स्वतः बाटली टांगली आणि थेंब नीट पडतायत ना, ते वाकून पाहिलं.