पुरेसा रंग

"पुरेसा म्हणजे किती?" वायरमननं वहीतून डोकं वर काढून विचारलं.

त्याची मुलगी समोरच उभी होती, हात पाठीमागे बांधून, ओठ घट्ट मिटून. प्रयोगशाळेचा नियमच तसा होता. नवं काही जमल्याचा दावा करणाऱ्यानं गप्प उभं राहायचं आणि दुसऱ्या कुणीतरी नुसती वही वाचून तेच करून दाखवायचं. तिचा दावा साधासुधा नव्हता. प्लास्टिकच्या जातीची, वीज अडवणारी फिल्म आयोडीनच्या वाफेत ठेवली की तिच्यातून धातूसारखी वीज वाहते, असं ती म्हणत होती. तिच्या हातून वाहायचीही. पण दोन सहकाऱ्यांनी करून पाहिलं, तर एकाची फिल्म ढिम्म आणि दुसऱ्याची ठिसूळ होऊन मोडली. आज तिसरी वेळ. आजही जमलं नाही, तर चार वर्षांचं काम नुसतं बोलणंच ठरणार होतं. म्हणून विभागप्रमुख मॅडमनी रसायनशास्त्राचा गंधही नसलेला माणूस निवडला होता, संस्थेचा वायरमन. तो तिचा बाप निघाला, त्याला कोण काय करणार!

"'पुरेसा रंग आल्यावर फिल्म बाहेर काढावी' असं लिहिलंय," तो मॅडमना म्हणाला. "एवढ्यावर मी नाही काढणार. 'पुरेशी जाड वायर टाका' असं मी लिहून ठेवलं, तर ही इमारत पेटेल."

मुलीचा चेहरा लालबुंद झाला. त्या दोन सहकाऱ्यांनाही हा प्रश्न पडला असणार, विचारायची लाज वाटली, इतकंच. आणि तिनं तरी कधी घड्याळ पाहिलं होतं? डोळ्यांना कळायचं, हात आपोआप पुढं व्हायचा. बापानं चारचौघांत कान उपटले होते, आणि तेही रास्त.

"दुरुस्त कर," मॅडम म्हणाल्या. "आत्ता. इथंच."

तिनं हातमोजे चढवले, फिल्म बरणीत टांगली. ती रंग बघत राहिली, बाप घड्याळ. तिनं "बस!" म्हटलं की तो आकडा सांगायचा. चार मिनिटं वीस सेकंद. दुसऱ्या फिल्मला चार मिनिटं अठरा. तिसरीला चार मिनिटं एकवीस. तिसऱ्या आकड्याला बापानं तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. नुसत्या डोळ्यांच्या अंदाजावर तीन सेकंदांचाच काय तो फरक!

'पुरेसा रंग' खोडून तिनं वेळ लिहिली आणि पुन्हा हात पाठीमागे बांधले.

वायरमननं नवी फिल्म घेतली. एकेक ओळ बोटानं धरून वाचत, कसलीही घाई न करता, त्यानं सगळं केलं. चार मिनिटं वीस सेकंदांनी फिल्म बाहेर आली, काळपट, चकचकीत. मीटरच्या तारा त्यानं लावल्या, ते मात्र त्याला वहीत बघावं लागलं नाही. सकाळी कोऱ्या फिल्मवर काटा जागचा हलला नव्हता. आता तो सरळ पलीकडच्या टोकाला गेला. त्यानं तारा काढल्या, टोकं पुसली, पुन्हा लावल्या. काटा पुन्हा तिथंच.

मुलीनं पाठीमागचे हात सोडले. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यात ज्याची फिल्म ढिम्म राहिली होती तोही होता.

मॅडमनी वहीवर सही केली. "काय, लेकीचा अभिमान वाटत असेल ना?"

"लेकीचा ती जन्मली तेव्हापासूनच आहे, मॅडम," मीटर बंद करत वायरमन म्हणाला. "आज कारागिराचा वाटला."